स्लाइडमधली उसनी खिडकी

स्लाइड उघडते. वर ठसठशीत मथळा, कोपऱ्यात संस्थेचं बोधचिन्ह, खाली 'पुढे' जाण्याचं बटण, सगळं जागच्या जागी. फक्त मधोमध, जिथे खरा धडा असायला हवा, तिथे एक राखाडी चौकोन आणि त्यात तोंड पाडून बसलेली कागदाची छोटीशी आकृती. सोबत इंग्रजीत एक ओळ: अमुक साइट 'रिफ्यूज्ड टू कनेक्ट', म्हणजे साइटनं जोडून घ्यायला चक्क नकार दिला आहे. कोर्स तयार करणारा शपथेवर सांगतो की परवापर्यंत चालत होतं. बहुतेकदा तो खरंच बोलत असतो.

ई-लर्निंगच्या धंद्यात ही स्लाइड न पाहिलेला माणूस विरळा. बँकेतल्या नव्या कारकुनांचं प्रशिक्षण असो, नर्सिंगचा ऑनलाइन अभ्यासक्रम असो की आठवीचं विज्ञान, कोर्सच्या स्लाइडमध्ये दुसऱ्याचं वेबपान बसवण्याची, म्हणजे 'एम्बेड' करण्याची सोय हल्ली बहुतेक सगळ्या साधनांत असते. कधी यूट्यूबचा व्हिडिओ, कधी गूगलचा नकाशा, कधी बोटानं हलवता येणारा प्रयोग. पत्ता चिकटवला, चौकोन ओढून हवा तेवढा केला, की काम झालं. पाच मिनिटांत स्लाइड जिवंत होते. म्हणूनच ती बंद पडली की जास्त झोंबतं.

१९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'रामायण' लागायचं, तेव्हा ज्यांच्या घरी टीव्ही नव्हता ते शेजाऱ्याच्या दारा-खिडकीशी उभे राहायचे. टीव्ही शेजाऱ्याचा, विजेचं बिल त्याचं, आवाज किती ठेवायचा हेही त्याच्याच मर्जीवर. उभं राहायला जागा मिळाली हीच मेहेरबानी. आणि त्यानं पडदा ओढला की त्या दिवसापुरतं रामायण संपलं. एम्बेड करणं म्हणजे तंतोतंत हेच. व्हिडिओ, नकाशा किंवा प्रयोग आपल्या स्लाइडमध्ये दिसतो, पण तो तिथे नसतो. तो त्याच्या मालकाच्या सर्व्हरवर असतो. आपण स्लाइडला फक्त एक खिडकी पाडलेली असते.

इथे दोन-तीन गोष्टींची नेहमी गल्लत होते. लिंक दिली तर विद्यार्थी कोर्स सोडून दुसरीकडे जातो, आणि मीठ आणायला बाजारात पाठवलेल्या पोरासारखा कधी परतेल याचा भरवसा नसतो. फाइल उतरवून घेऊन कोर्समध्ये ठेवली तर ती आपली झाली, पण त्यासाठी मालकाची परवानगी हवी. एम्बेड या दोन्हींच्या मध्ये बसतं. विद्यार्थी जागेवरच राहतो, वस्तू मालकाकडेच राहते आणि मालकानं तिच्यात सुधारणा केली तर ती आपल्याकडे आपोआप दिसते. हा त्याचा मोठा गुण, आणि पुढे दिसेल तसा मोठा दोषही.

कल्पना मात्र संगणकाच्या मानानं फार जुनी आहे. टेड नेल्सन या अमेरिकन विचारवंतानं १९६५ मध्ये 'हायपरटेक्स्ट' हा शब्द छापून आणला. त्याच्या डोक्यात १९६० पासून 'झानाडू' नावाचा एक प्रकल्प घोळत होता. मूळ मजकूर एकाच ठिकाणी राहील, हवा तिथे त्याचा तुकडा दिसेल आणि तो कुठून आला हे कायम कळत राहील, अशी ती योजना. या प्रकाराला त्यानं 'ट्रान्सक्लूजन' असं नाव दिलं. झानाडू त्याच्या मनासारखं कधीच उभं राहिलं नाही. प्रत्यक्षात आलं ते त्याचं काटकसरी भावंड, 'आयफ्रेम'. मायक्रोसॉफ्टनं ते १९९६ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररच्या तिसऱ्या आवृत्तीत आणलं आणि डिसेंबर १९९७ मध्ये एचटीएमएलच्या चौथ्या आवृत्तीत त्याला प्रमाण मानलं गेलं. पुढे बराच काळ आयफ्रेमचा मुख्य उपयोग पानात जाहिराती घुसवायला झाला. सामान्य माणसाच्या हातात ही विद्या आली ती यूट्यूबमुळे. २००५ मध्ये सुरू झालेल्या या साइटनं व्हिडिओसोबत नकलून घेण्याजोगा कोड दिला, आणि ज्याला कोड म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं तोही तो चिकटवू लागला.

कोर्स बनवणाऱ्यांच्या साधनांत ही सोय वेगवेगळ्या नावांनी आहे. आर्टिक्युलेटच्या 'स्टोरीलाइन'मध्ये तिला 'वेब ऑब्जेक्ट' म्हणतात. अडोबीच्या 'कॅप्टिव्हेट'मध्ये आणि 'आयस्प्रिंग'मध्येही तेच नाव चालतं. नॉर्वेतून आलेल्या 'एच-फाइव्ह-पी' या मोफत साधनात तिच्यासाठी वेगळा प्रकार आहे. 'मूडल'मध्ये, म्हणजे मार्टिन डुगियामास यांनी २००२ मध्ये आणलेल्या आणि आपल्याकडच्या अनेक महाविद्यालयांत रुळलेल्या शिक्षण-व्यवस्थेत, मजकुराच्या चौकटीत सरळ कोड टाकता येतो. नावं काहीही असोत, आत आयफ्रेमच असतं.

एक खरी खिडकी जवळून पाहू.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या केंद्रात २००२ पासून 'फेट' नावाचा उपक्रम चालतो. तो सुरू केला कार्ल वीमन यांनी. सत्येंद्रनाथ बोस यांचं नाव ज्याला लागलं आहे, तो 'बोस-आइन्स्टाइन कंडेन्सेट' प्रयोगशाळेत घडवल्याबद्दल त्यांना २००१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं होतं. फेटची सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावरचे प्रयोग, मोफत आहेत आणि त्यांतली कित्येक मराठीतही उघडतात. विजेच्या मंडलाचं सिम्युलेशन घेतलं तर डावीकडच्या पेटीतून तार, बॅटरी, बल्ब, खटका बोटानं ओढून टेबलावर मांडायचे. टोकं जुळली की निळे इलेक्ट्रॉन मुंग्यांच्या रांगेसारखे चालू लागतात आणि बल्ब उजळतो. बल्ब वगळून तारेनंच बॅटरीची दोन टोकं जोडली, तर बॅटरीवर आगीच्या ज्वाळा दिसतात. शॉर्टसर्किट म्हणजे काय हे सांगायला त्यानंतर फळ्यावर आकृती काढावी लागत नाही.

हे सिम्युलेशन स्लाइडमध्ये आणायचं तर फेटच्या पानावरचं एम्बेडचं बटण दाबायचं. एक ओळीचा कोड मिळतो. सुरुवातीला 'आयफ्रेम' हा शब्द, म्हणजे 'इथे खिडकी पाड'. मग 'एसआरसी', म्हणजे खिडकीतून कुठे पाहायचं तो पत्ता. मग रुंदी आणि उंची, बहुधा ८०० आणि ६०० पिक्सेल. एवढंच. पत्त्याच्या शेपटाशी भाषेची दोन अक्षरी खूण असते. अनुवाद झालेला असेल तर 'ईएन'च्या जागी 'एमआर' केलं की तेच सिम्युलेशन मराठी शब्दांसह उघडतं. एवढी छोटी दुरुस्ती न केल्यामुळे मराठी माध्यमाच्या मुलांपुढे इंग्रजी बटणं येतात, ही मात्र चीड आणणारी गोष्ट आहे. अनुवाद करणाऱ्यानं आपलं काम केलेलं असतं. शेवटच्या दोन अक्षरांवर घोडं अडतं.

आता मापांचा घोळ. स्टोरीलाइनची नेहमीची स्लाइड ७२० बाय ५४० पिक्सेलची. तिच्यात मथळा, बटणं आणि समास सोडून खिडकीला उरते ती जागा फार नसते. फेटची सिम्युलेशन्स शहाणी आहेत, मिळेल त्या चौकटीत स्वतःला बसवून घेतात. साधं वेबपान तसं करत नाही, किंवा नको तितकं करतं. चारशे पिक्सेलच्या चौकोनात बसवलेल्या आधुनिक साइटला वाटतं की समोर मोबाइल फोन आहे. ती लगेच आपला फोनवरचा अवतार धारण करते: तीन आडव्या रेघांचा मेनू, पडदाभर मोठी छायाचित्रं, त्यातून हरवलेला तक्ता. कोर्सवाला ऑफिसातल्या मोठ्या पडद्यावर मूळ साइट पाहून खूश झालेला असतो, आणि विद्यार्थ्याला दिसतं भलतंच. शिवाय स्लाइडला एक सरकपट्टी आणि आतल्या पानाला दुसरी. बोट कुठल्या पट्टीवर पडेल ते देवच जाणे.

स्टोरीलाइन वापरणाऱ्यांना आणखी एक ठेच हमखास लागते. वेब ऑब्जेक्ट स्लाइडवरच्या बाकी सगळ्या वस्तूंच्या वर बसतो. त्याच्यावर बाण काढून 'इथे क्लिक करा' म्हणायची सोय नाही. बाण खिडकीच्या मागे जातो. सूचना द्यायची तर ती खिडकीच्या शेजारी, मोकळ्या जागेत.

पण हे झाले घरगुती त्रास. सुरुवातीला पाहिलेला राखाडी चौकोन वेगळ्या जातीचा आहे, आणि त्यामागे एक मजेशीर चोरीची गोष्ट आहे.

२००८ मध्ये जेरेमाया ग्रॉसमन आणि रॉबर्ट हॅन्सन या दोन सुरक्षातज्ज्ञांनी एका युक्तीला 'क्लिकजॅकिंग' असं नाव दिलं. युक्ती अशी: एखाद्या पानावर 'बक्षीस मिळवा' असं भडक बटण ठेवायचं. त्याच्या बरोबर वर, काचेसारखी पूर्ण पारदर्शक करून, दुसऱ्याच साइटची आयफ्रेम पसरायची. माणसाला वाटतं आपण बक्षिसावर बोट ठेवलं. प्रत्यक्षात बोट पडतं न दिसणाऱ्या साइटच्या 'परवानगी द्या' बटणावर. फ्लॅश या, ब्राउझरमध्ये ॲनिमेशन आणि व्हिडिओ चालवणाऱ्या तेव्हाच्या प्लेअरच्या सेटिंगचं पान असं लपवून लोकांचा कॅमेरा आणि मायक्रोफोन त्यांच्या नकळत सुरू करता येतो, हे त्याच वर्षी दाखवून दिलं गेलं. म्हणजे बँकेचं पान अशा अदृश्य खिडकीत बसवता आलं तर काय होईल, हे सांगायला नको.

यावर उतारा आला तो साइटच्या मालकांच्या हातात शटर देऊन. २००९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररच्या आठव्या आवृत्तीनं 'एक्स-फ्रेम-ऑप्शन्स' नावाची सूचना ओळखायला सुरुवात केली आणि बाकीचे ब्राउझरही तिला मानू लागले. साइट पानासोबत गुपचूप एक शब्द पाठवते. 'डिनाय' म्हटलं तर कुणाच्याच खिडकीत दिसायचं नाही. 'सेमओरिजिन' म्हटलं तर फक्त घरच्याच खिडकीत. पुढे याचीच सुधारलेली आवृत्ती आली, तिच्यात कोणकोणत्या साइटना मुभा आहे याची यादीच देता येते. बँका, फेसबुक, गूगलचं शोधपान यांनी शटर खाली ओढलेलं असतं, आणि ते योग्यच आहे. मालकानं ही सूचना ज्या दिवशी लावली त्या दिवशी कोर्समधली चालू खिडकी बंद होते. 'परवापर्यंत चालत होतं' याचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो.

कोर्स बनवणाऱ्यानं कितीही डोकं लढवलं तरी हे शटर त्याच्या बाजूनं उघडत नाही, कारण नकार पाळतो तो विद्यार्थ्याचा ब्राउझर. स्लाइडमध्ये दाखवण्याऐवजी 'नव्या खिडकीत उघडा' असा पर्याय ही साधनं देतात तो अशाच वेळेसाठी. तो निमूट निवडावा. कुठल्याशा मध्यस्थ साइटमार्फत शटराला वळसा घालण्याचे उद्योग करू नयेत.

राखाडी किंवा कोऱ्या चौकोनाची बाकीची कारणं कमी नाट्यमय आहेत. कोर्स 'एचटीटीपीएस'वर, म्हणजे कुलूपबंद मार्गावर चालत असेल आणि आतल्या पानाचा पत्ता जुन्या साध्या 'एचटीटीपी'चा असेल, तर ब्राउझर तो अडवतो. जुन्या शैक्षणिक साइटच्या बाबतीत हे हटकून घडतं. पत्त्यात एक 'एस' वाढवून पाहिला की निम्म्या वेळा काम होतं. दुसरं म्हणजे तयार कोर्स सर्व्हरवर न चढवता संगणकावरच दोनदा टिचकी मारून पाहिला, तर सुरक्षेच्या बंधनांमुळे वेब ऑब्जेक्ट अडतात. हे ठाऊक नसल्यामुळे नवखी मंडळी धडधाकट स्लाइडची चिरफाड करत बसतात. तिसरं कारण लॉगिनचं. ॲपलच्या सफारीनं मार्च २०२० मध्ये दुसऱ्याच्या पानातून येणाऱ्या कुकीज सरसकट अडवल्या. ज्या साइटला ओळख पटवण्यासाठी त्या लागतात, ती खिडकीत पुन्हा पुन्हा पासवर्ड मागत राहते. लॉगिन लागणारं पान एम्बेड करूच नये, हा साधा नियम पुरेसा आहे.

आता शिकवण्याच्या दृष्टीनं सगळ्यात अडचणीचा मुद्दा. विद्यार्थ्यानं कोर्स कुठवर पाहिला, किती गुण मिळवले याची नोंद 'एलएमएस' ठेवतं, म्हणजे कोर्स जिथे चढवला आहे ती व्यवस्था. कोर्स आणि एलएमएस यांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचं सर्वाधिक रुळलेलं प्रमाण म्हणजे 'स्कॉर्म'. ते अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या एका उपक्रमातून आलं, आणि त्याची २००१ मधली १.२ ही आवृत्ती आजही कोर्स कंपन्यांकडून मागितली जाते. पण खिडकीच्या आत काय चाललं आहे याची स्कॉर्मला गंधवार्ता नसते. एका साइटनं दुसरीच्या पानात डोकावायचं नाही, ही ब्राउझरची जुनी भिंत इथे आडवी येते. विद्यार्थ्यानं विजेचं मंडल दहा वेळा जोडलं की खिडकी उघडी ठेवून चहा पिऊन आला, एलएमएसच्या लेखी दोन्ही सारखंच.

भिंत पाडता येत नाही, पण तिच्यावरून निरोप देता येतो. पुढच्याच स्लाइडवर असा प्रश्न ठेवायचा ज्याचं उत्तर प्रयोग केल्याशिवाय हाती लागणार नाही. बॅटरी ९ व्होल्टवर आणि बल्बचा रोध १० ओहमवर ठेवा; ॲमीटर किती दाखवतो? ०.९ अँपिअर. आता तसलाच दुसरा बल्ब त्याच ओळीत जोडा. ०.४५. हाच बल्ब समांतर जोडला तर बॅटरीतून बाहेर पडणारी वीज किती? विद्यार्थ्याला परत खिडकीकडे जावंच लागतं. मग १.८ हा आकडा तो पाठ करत नाही, पाहून येतो. गुणांची नोंद स्लाइडवरच्या प्रश्नात होते, शिकणं खिडकीत होतं. कोर्सची आखणी करणारा कसलेला आहे की नुसता चिकटवणारा आहे, हे अशा एका स्लाइडवरून कळतं.

काय बसवावं आणि काय बसवू नये, याचाही निवाडा इथेच होतो. हाताळता येणारी वस्तू असेल तर खिडकीला अर्थ आहे. फेटचे प्रयोग, मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये ऑस्ट्रियात सुरू केलेल्या 'जिओजिब्रा'मधली ताणता येणारी त्रिकोण-वर्तुळं, ऑक्सफर्डच्या 'अवर वर्ल्ड इन डेटा'चे देश बदलून पाहता येणारे आलेख, नकाशा. वाचायचा लांब लेख स्लाइडच्या चौकोनात कोंबणं म्हणजे पोस्टाच्या तिकिटावर वर्तमानपत्र छापणं. त्याची लिंक द्यावी, नाहीतर आपल्या शब्दांत चार ओळी लिहाव्यात. व्हिडिओ अधल्यामधल्या जागी येतो. यूट्यूबच्या कोडमध्ये सुरुवातीचा आणि शेवटचा सेकंद देता येतो, म्हणजे पाऊण तासाच्या व्याख्यानातली नेमकी तीन मिनिटं दाखवता येतात. ही सोय फारच कमी लोक वापरतात. व्हिडिओ संपल्यावर इतर व्हिडिओंची रांग दिसू नये म्हणून कोडच्या शेवटी 'रेल बरोबर शून्य' लिहायची जुनी युक्ती मात्र सप्टेंबर २०१८ पासून अर्धीच उरली: रांग दिसतेच, फक्त ती त्याच चॅनेलची असते. म्हणून व्हिडिओइतकंच त्याचं चॅनेलही पारखून घ्यावं.

मराठीत अशा वस्तू कमी आहेत, पण नाहीतच असं नाही. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'चे संगणक शिकवणारे छोटे व्हिडिओ मराठी आवाजात आहेत. छापील पुस्तकात खिडकी पाडता येत नाही, तेव्हा तिथे क्यूआर कोड येतो. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड चिकटवले, हे २०२० च्या जागतिक शिक्षक पुरस्कारामुळे सर्वांना कळलं. बालभारतीच्या पुस्तकांत आता छापलेला कोड 'दीक्षा' या व्यासपीठाकडे नेतो. कोड म्हणजे एम्बेडचा गरीब चुलतभाऊ: विद्यार्थ्याला पुस्तक बाजूला ठेवून फोन उचलावा लागतो, पण पलीकडची वस्तू दुसरीकडेच असते हे दोघांतही सारखं. देवनागरीच्या बाबतीत तर खिडकीचा एक उपकारच आहे. २००८ च्या दहाव्या आवृत्तीपूर्वीचा फ्लॅश प्लेअर जोडाक्षरांची वाट लावायचा. मराठी कोर्सवाले कंटाळून मजकुराचं चित्र करून टाकायचे. वेबपानातला युनिकोड मजकूर ब्राउझर स्वतः काढतो, त्यामुळे 'क्ष' आणि 'ज्ञ' शाबूत राहतात.

फ्लॅशचा विषय निघालाच आहे. एका पिढीचं सगळं ई-लर्निंग त्याच्यावर उभं होतं. ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीनं त्याचा आधार काढून घेतला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरनं फ्लॅशची कुठलीही फाइल चालवणंच बंद केलं. त्याआधी सप्टेंबर २०१५ मध्ये क्रोमनं जावाच्या ॲपलेटना घराबाहेर काढलं होतं. फेटची जुनी सिम्युलेशन्स या दोन्हींतच लिहिलेली होती. ती एकेक करून एचटीएमएल-फाइव्हमध्ये नव्यानं बांधावी लागली. ज्यांच्यामागे विद्यापीठ नव्हतं, त्यांचे प्रयोग गेले ते गेलेच.

तंत्र टिकलं तरी पान टिकेलच असं नाही. प्यू रिसर्च सेंटरनं २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. कोर्स तर सहज पाच-सात वर्षं चालवला जातो. आणि काही वेळा पान राहतं, पण त्यातला जीव जातो. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा करोनाचा काळा-लाल नकाशा आठवत असेल. २२ जानेवारी २०२० ला तो सुरू झाला आणि जगभरच्या पानांत, बातम्यांत, प्रशिक्षणांत बसवला गेला. १० मार्च २०२३ ला विद्यापीठानं आकडे गोळा करणं थांबवलं. 'आजची स्थिती पाहा' असं लिहून ज्यांनी तो नकाशा स्लाइडवर ठेवला होता, त्यांच्या स्लाइडवर राखाडी चौकोन आला नाही, काही मोडल्याची खूणही आली नाही. आकडे फक्त त्या दिवसावर थांबले. हा प्रकार जास्त धोक्याचा, कारण तो तक्रारच करत नाही.

म्हणून जिथे शक्य आहे तिथे खिडकीऐवजी वस्तूच घरात आणावी. फेटची एचटीएमएल-फाइव्ह सिम्युलेशन्स एकेका फाइलच्या रूपात उतरवून घेता येतात. स्टोरीलाइनच्या वेब ऑब्जेक्टला इंटरनेटवरचा पत्ता देता येतो तसा आपल्या संगणकावरचा एक फोल्डरही देता येतो. अट एकच, फोल्डरमध्ये 'इंडेक्स डॉट एचटीएमएल' या नावाची फाइल हवी. तेव्हा सिम्युलेशन उतरवायचं, त्याचं नाव बदलून 'इंडेक्स' ठेवायचं, फोल्डर दाखवायचा. प्रयोग कोर्सच्या गठ्ठ्यातच बांधला जातो. मालकाच्या सर्व्हरवर काहीही होवो, आपली स्लाइड चालते. जिथे नेट दुपारनंतर रांगतं अशा शाळेत तर हाच मार्ग. पूर्वी उल्लेख केला त्या परवानगीची अट इथेही आहे: उतरवण्याची मुभा मालकानं दिलेली असली पाहिजे. यूट्यूबचा दुसऱ्याचा व्हिडिओ असा उचलून आणायचा नाही.

कायद्याच्या बाजूनं पाहिलं तर एम्बेड करणं नकलून घेण्याइतकं जोखमीचं नाही, निदान युरोपात तरी. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये स्वेन्सन आणि बेस्टवॉटर या दोन प्रकरणांत सांगितलं की मालकानं सर्वांसाठी खुली ठेवलेली वस्तू आपल्या पानात चौकट करून दाखवणं हा हक्कभंग नाही. २०२१ मध्ये त्याच न्यायालयानं पुस्ती जोडली: मालकानं अशा चौकटी अडवण्यासाठी तांत्रिक बंदोबस्त केला असेल आणि कुणी तो ओलांडला, तर मात्र तो हक्कभंग. शटराला वळसा घालू नये ते याही कारणासाठी.

दोन गोष्टी कोर्सच्या यादीत नेहमी शेवटी येतात आणि वेळ संपली म्हणून राहून जातात. एक म्हणजे अंध विद्यार्थी. त्याचा स्क्रीनरीडर खिडकीपाशी आला की तिचं नाव वाचतो. कोडमध्ये 'टायटल' लिहिलेलं नसेल तर आत प्रयोग आहे की जाहिरात हे त्याला कळायला मार्ग नाही. तीन शब्दांचं शीर्षक लिहायला दहा सेकंद लागतात. दुसरी म्हणजे खिडकीतून उलट्या दिशेनं होणारी पाहणी. विद्यार्थी बाहेर पाहतो तसं बाहेरचाही आत पाहत असतो: कोणता संगणक, कोणता पत्ता, किती वेळ. यूट्यूबचा कोड घेताना वाढीव गोपनीयतेचा पर्याय निवडला तर व्हिडिओ 'यूट्यूब-नोकुकी' या पत्त्यावरून येतो. अठरा वर्षांखालच्या मुलांचा असा माग काढण्याला भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात मनाई आहे, तेव्हा शाळेसाठी कोर्स करणाऱ्यांनी तरी हा पर्याय विसरू नये.

ज्यांच्याकडे दोन-तीन वर्षांपूर्वी केलेला कोर्स अजून चालू आहे, त्यांनी तो या आठवड्यात एकदा पहिल्यापासून उघडून पाहावा. ऑफिसातल्या संगणकावर नव्हे, फोनवर. स्वतःच्या लॉगिननं नव्हे, विद्यार्थ्याच्या. प्रत्येक खिडकीचा पत्ता, मालकाचं नाव आणि ती शेवटची तपासल्याची तारीख एका कागदावर लिहून ठेवावी, आणि जी बंद सापडेल ती पुढची तुकडी बसायच्या आत बदलावी.